प्रतिज्ञापत्रातला सातवा मुद्दा

आमच्या वाडीतून खाडीवर जायला एक वाट होती. वाडीच्या शेवटच्या घरामागून निघायची, गाववाल्यांच्या शेतांच्या बांधांवरून जायची, एका जुन्या चिंचेपाशी वळायची आणि खाडीकाठच्या उंचवट्यावर संपायची. त्या उंचवट्यावर आमची माणसं जाळतात. तिथून थोडं पुढे गाववाल्यांची माणसं जाळतात. जागा दोन, कारण माणूस कुठल्या वाडीतला हे आमच्याकडे मेल्यावरही विसरत नाहीत. पण चिंचेपर्यंतची वाट सगळ्यांची एकच होती.

माझी आई गेली तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होती. शेवटची सात-आठ वर्षं तिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही. नवं लुगडं नको, डॉक्टर नको, टीव्हीचा आवाजसुद्धा वाढवा म्हणाली नाही. एकच सांगायची, "तुझ्या बापाला नेलं त्या वाटेनं मना न्या. रस्त्यानं नको. गाड्या हाय तिथं." मी म्हणायचे, हो. यात काय मोठं वचन दिलं असं मला वाटायचं, वाट तर दारातच होती.

ही वाट कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, कुठल्या नकाशात नव्हती. ती दरवर्षी नव्यानं घालावी लागायची. मिरगाच्या आधीच्या रविवारी गावातलं आणि वाडीतलं प्रत्येक घर एक माणूस, एक फावडं किंवा एक घमेलं पाठवायचं. बांध खचला असेल तिथे माती, चिखल होतो तिथे दगड. दुपारपर्यंत काम आटपायचं आणि ज्याच्या शेतातून वाट जायची त्याच्या घरून चहा यायचा. याला नाव नव्हतं, बोलावणंही नसायचं. मी शाळेत असताना बापाबरोबर जायचे आणि दगड वेचायचे. त्या दिवशी पाण्याचा तांब्या कोणाचा, हे कोणी पाहत नसे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाहत असत. म्हणून तो दिवस मला आवडायचा.

चहा ज्यांच्या घरून यायचा, त्यांना मी दादा म्हणते. वाटेच्या दोन्ही अंगांची शेतं त्यांची. माझा बाप गेला तेव्हा श्रावणातला पाऊस होता, बांधावरून पाणी वाहत होतं आणि दादा तिरडीच्या पुढे फावडं घेऊन चालत होते. जिथे पाय घसरेल तिथे ते माती ओढायचे आणि मागे वळून म्हणायचे, या. त्या दिवसापासून मला त्यांच्याविषयी शंका अशी कधी आली नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

मी स्वतः टायपिंगचं दुकान चालवते. भिवंडीहून खारबावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दहा बाय आठचा गाळा. लग्न झालं होतं, दीड वर्षात परत आले. का, ते सांगायची ही जागा नाही. आधी मशीनवर टाइप करायचे, आता कॉम्प्युटरवर करते. अर्ज, हरकत, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र. या रस्त्यावरची अर्धी दुकानं माझ्या कागदावर उभी आहेत असं लोक गमतीनं म्हणतात, आणि मला पूर्वी ते ऐकून बरं वाटायचं. या पट्ट्यात आता टायपिंगची आणखी तीन दुकानं आहेत. त्यातला एक दुकानदार माझ्याकडेच शिकला. जाताना त्यानं माझे सगळे नमुने पेन ड्राइव्हवर मागून नेले, आणि मी मोठ्या मनानं दिले.

त्या नमुन्यांत जमिनीचं एक प्रतिज्ञापत्र आहे, बारा मुद्द्यांचं. शेतजमीन दुसऱ्या वापरासाठी बदलून घ्यायची तर ते जोडावं लागतं. मिळकतीवर बोजा नाही, कूळ नाही, वाद नाही, वगैरे. त्यातला सातवा मुद्दा असा: "सदर मिळकतीतून कोणाचीही वहिवाट, पायवाट अथवा रस्ता जात नाही." मशीनच्या काळात एका कारकुनानं तो मला हातानं लिहून दिला होता. तो नसला की फाईल परत यायची, म्हणून मी तो कायमचा घालून टाकला. किती माणसांनी त्याखाली सही केली असेल, मला मोजता येणार नाही. वाचून सही करणारा मात्र एकही आठवत नाही.

मग आमच्या रस्त्याचा आराखडा आला. रस्ता रुंद होणार आणि दोन्ही कडांचा पट्टा शेतीतून निघून वाणिज्य वापरात जाणार. भिवंडीजवळच्या पूर्ण्याकडची गोदामं पाहून आमच्याकडच्यांचे डोळे आधीच फिरलेले होते. ज्यांची जमीन रस्त्याला लागून होती त्यांना पट्टा खोल हवा होता, म्हणजे मागची शेतंही त्यात येतील. ज्यांची दुकानं रस्त्यावर होती त्यांना रुंदीकरणाची धास्ती. मोजणीवाले आले आणि भिंतींवर लाल रंगाच्या खुणा करून गेले. एका हार्डवेअरवाल्यानं रातोरात खूण पुसली, तर चार दिवसांनी नवी खूण दीड हात आणखी आत आली. आठवडाभर रस्ता त्याच्यावर हसत होता, आणि प्रत्येक जण हसता हसता आपापली भिंत बघून घेत होता.

शाळेच्या पटांगणात सभा व्हायच्या. रस्ता रुंद झालाच पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत. तो समोरच्या बाजूनं रुंद व्हावा, यावरही सगळ्यांचं एकमत. डाव्या बाजूचे म्हणायचे, उजवीकडे सगळं बेकायदेशीर बांधकाम आहे. उजव्या बाजूचे म्हणायचे, डावीकडचे ओटे बघा, गटारावर बांधलेत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मग दोघेही सकाळी माझ्या दुकानात यायचे. मी डावीकडच्यांची हरकत टाइप केली, उजवीकडच्यांचीही केली, आणि दोन्हींत "व्यापक जनहित" हे शब्द मीच घातले. एक पंक्चरवाला होता, वीस वर्षं रस्त्याकडेला कॉम्प्रेसर घेऊन बसलेला. त्यालाही हरकत द्यायची होती. मी विचारलं, जागेचा कागद काय आहे? काही नव्हतं. मी त्याला सांगितलं, ज्याच्याकडे कागद नाही त्याची हरकत कोण ऐकणार. तो निमूट उठून गेला. हे मी किती सहज बोलले होते, ते मला दोन वर्षांनी कळलं.

वाडीची बैठक विहारात झाली. आमच्या मालकीची जमीन अशी कोणाचीच नव्हती, फक्त घरं. म्हणून पुष्कळांना वाटत होतं की आपला या आराखड्याशी संबंध काय. पण ठाण्याला नर्स असलेली वाडीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, पट्टा मागे सरकला तर खाडीवरची वाट त्यात जाते, आपण ती हरकतीत लिहून द्यायला हवी. मग म्हातारी माणसं बोलली. गाववाल्यांच्या जमिनीतली वाट आपण कागदावर मागायची, म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा. आजवर अडवली का त्यांनी? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? ती मुलगी माझ्याकडे बघत होती. कागद लिहिणारी मी, तेव्हा मी तिची बाजू घ्यायला हवी होती. मी म्हणाले, मी दादांशी बोलते, त्याशिवाय काही लिहायला नको. सगळ्यांना हायसं वाटलं. मलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी दादांच्या ओटीवर गेले. त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. म्हणजे शब्द समजले, पण असं कोणी विचारू शकतं हे समजलं नाही.

"वाट कोन अडवतंय गो बाय?" ते म्हणाले. "वाट काय माझी हाय, मी अडवाया?"

मला लाज वाटली. चहा घेऊन परत आले आणि वाडीत सांगितलं की दादांनी शब्द दिला. हरकतीची मुदत पुढच्या आठवड्यात संपली. आमच्या हरकतीत गटार होतं, दिवाबत्ती होती, बसथांबा होता. वाट नव्हती.

तीन-चार महिन्यांनी दादा त्यांच्या थोरल्या मुलाला घेऊन दुकानात आले. पट्टा खोल झाला होता आणि चिंचेकडची शेतं त्यात आली होती. मुलगा मला आत्या म्हणतो. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, नकाशा, आधार कार्डाची झेरॉक्स. प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी नमुना उघडला आणि नाव, वय, गट नंबर भरत गेले. दादा त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगत होते, कुठल्याशा तेलानं बरं वाटतंय म्हणून.

सातव्या मुद्द्यावर माझं बोट थांबलं. हे मी नंतर रचून सांगत नाही, ते खरंच थांबलं. गट नंबर मला पाठ होता. त्या बांधावर मी दगड वेचलेत. मी मान वर करून दादांकडे पाहिलं. विचारायला हवं होतं, दादा, यात असं लिहिलंय की वाट नाही, चालेल का? पण ते विचारणं म्हणजे दिलेल्या शब्दाची पावती मागणं. नात्यात असं करत नाहीत. हे एक कारण, आणि गेली तीन वर्षं मी लोकांना हेच सांगत आले. दुसरंही होतं. बाहेर चार माणसं थांबली होती, सातवा मुद्दा काढला असता तर फाईल परत आली असती, दादांना पुन्हा हेलपाटा पडला असता, आणि मला चालू नमुना बिघडवायचा कंटाळा आला होता. मी प्रिंटचं बटण दाबलं. दादांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली, अंगठा पुसावा तसा हात धोतराला पुसला आणि गेले.

मुलानं ती जमीन एका गोदामवाल्याला दिली. दादांनी व्यवहाराच्या वेळी वाटेचं सांगितलं होतं, असं ते म्हणतात आणि माझा विश्वास आहे. समोरच्यानं हो हो म्हटलं असेल. पहिल्या वर्षी भिंत आली, पण वाटेच्या जागी माणूस जाईल एवढी फट ठेवली होती. मिरगाच्या आधी आम्ही दहा-बारा जण घमेली घेऊन गेलो तर फटीपलीकडे बांधच नव्हता, मुरूम टाकून सगळं सपाट केलेलं. दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं. माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. दुसऱ्या वर्षी फटीत लोखंडी दरवाजा बसला, मग वॉचमन आला, मग कुलूप.

तेव्हा कुठे आम्ही हरकत घेतली. वरातीमागून घोडं. ती मीच लिहिली, चार पानांची, आणि आजवरच्या माझ्या कागदांत तिच्याएवढा चांगला कागद नाही. सुनावणीला वाडीतून सात जण गेलो. दादा आमच्या बाजूनं आले, मुलगा नको म्हणत असताना आले. अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं आमचं सगळं ऐकलं. दादा काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, वाट हाय साहेब, माझ्या बापाच्या आधीपासून हाय.

अधिकाऱ्यानं फाईल चाळली, एक पान काढलं आणि सातवा मुद्दा वाचला. मग विचारलं, "आजोबा, ही सही तुमचीच ना?"

दादांनी कागद डोळ्यांजवळ धरला. वाचता येतं त्यांना, सावकाश. सगळा मुद्दा त्यांनी ओठ हलवत वाचला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी काही बोलू शकले असते. गणितात काय चुकलं ते मास्तरांना विचारावं तसं पाहिलं. पानाच्या तळाला माझ्या दुकानाचा शिक्का होता आणि तो अधिकाऱ्याला दिसत होता. त्यानं फाईल बंद केली, एवढंच. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची?

येताना रिक्षात नर्स असलेली ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही आणि त्याचा मला आजही राग येतो. वाडीत मी सांगून टाकलं, तो कागद मी टाइप केला होता. काहींनी समजूत घातली, तुझा काय दोष, तू हमाली केलीस. काहींनी नंतर माझ्या दुकानात येणं सोडलं. दुसऱ्यांचं मला पटलं.

आईला मात्र मी सांगितलं नाही. ती तोवर अंथरुणाला खिळली होती. दर दोन-चार दिवसांनी विचारायची, "वाट हाय ना गो?" मी म्हणायचे, आहे. मिरगाच्या आधी माती घातली का? घातली. कोण कोण होतं? मग मी नावं सांगायचे, त्यातली काही मेलेल्या माणसांचीही असायची, आणि ती समाधानानं मान हलवायची. मी आयुष्यभर लोकांची खोटी-खरी विधानं टाइप केली, पण स्वतःच्या तोंडानं इतकं सफाईदार खोटं तेव्हाच बोलले.

ती जानेवारीतल्या एका सकाळी गेली. दुपारी दोनला निघायचं ठरलं. कोणी म्हणालं, गाडी बोलावू, रस्त्यानं नेऊ. मी म्हणाले, आधी दरवाजापर्यंत जाऊ. माझा हट्ट सगळ्यांना कळत होता, म्हणून कोणी वाद घातला नाही. पंचशील झालं, तिरडी उचलली. पांढऱ्या कपड्यांतली पन्नास-साठ माणसं वाडीच्या शेवटच्या घरामागून निघाली आणि शंभर पावलांवर भिंतीशी थांबली. दादा आले होते. त्यांच्या थोरल्या मुलानं खांदा दिला होता, पुढच्या डाव्या बाजूला.

दादा दरवाजाशी गेले आणि वॉचमनला म्हणाले, उघड. जमीन अजून त्यांची असल्यासारखे म्हणाले. वॉचमन बिहारकडचा, माझ्या भाच्याच्या वयाचा. तिरडी बघून त्यानं टोपी काढली.

"बाबा, हम तो ड्युटीवाला आदमी है," तो म्हणाला. "अर्जी लिखके दो, साहब को भेजता हूँ."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं. वॉचमननं रजिस्टरच्या मागचं कोरं पान फाडून दिलं. मी ते भिंतीला टेकवलं आणि माझ्या आईसाठी अर्ज लिहिला. विषय, महोदय, विनंती, आपली नम्र. शुद्ध, सुटसुटीत, एक खाडाखोड नाही. माझ्या मागे चार माणसं आईला खांद्यावर घेऊन उभी होती. वॉचमननं अर्जाचा फोटो काढून पाठवला. खांदे बदलून होतात न होतात तोच उत्तर आलं. त्यानं ते मला मोबाइलवरच दाखवलं, वाचून दाखवायचा त्याला संकोच वाटला असावा. आत कंटेनर लागलेत आणि पेपर में रास्ता नहीं है, असं लिहिलं होतं.

मग आम्ही वळलो आणि आईला रस्त्यानं नेलं. जवळजवळ तीन किलोमीटरचा वळसा. रुंदीकरण अर्ध्यावर होतं; एका बाजूला खणलेलं, म्हणून सगळी वाहनं एकाच बाजूनं. कंटेनरच्या चाकांएवढ्या उंचीवर आईचा चेहरा होता. एका ड्रायव्हरनं इंजिन बंद करून हात जोडले. मागच्यांना ते दिसलं नाही, त्यांनी हॉर्न वाजवले. आम्ही माझ्या दुकानासमोरून गेलो. शटर बंद होतं आणि त्यावर माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, येथे सर्व प्रकारची प्रतिज्ञापत्रे करून मिळतील. मी मान फिरवली नाही. आईला गाड्यांची भीती वाटायची, आणि मी तिला जिवंतपणी कधी त्या रस्त्यानं चालत नेलं नव्हतं.

खाडीवर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. चिंच आता भिंतीच्या आत आहे. वरचा शेंडा तेवढा दिसतो. दादांना धाकट्या मुलानं मोटरसायकलवरून आणलं होतं. अग्नी दिल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. ते पुष्कळ वेळ पुढच्या जागेकडे, त्यांच्या माणसांच्या जागेकडे पाहत होते. मग म्हणाले, "मना बी तिकरनं, रस्त्यानंच आनतील आता." थोड्या वेळानं ते म्हणाले, भिंतीच्या पूर्वेकडची एक पट्टी अजून त्यांच्याच नावावर आहे, आठ-दहा हात रुंद. ती ते देणार नाहीत. तिथून नवी वाट काढू, मिरगाच्या आधी.

आणि काढायला घेतली. मे महिन्यात गावातली आणि वाडीतली मिळून सतरा माणसं आली. दादा खुर्ची टाकून बसले होते. आम्ही झुडपं तोडली, माती ओढली, दगड रचले. मीही घमेलं उचललं, या वयात. ती मुलगी सुट्टी काढून आली होती. निम्मी वाट झाली. दादांच्या घरून चहा आला. मला आईची इतकी आठवण आली की मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

श्रावणात दादांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी बघायला गेले की ते डोळ्यांनी ओळखतात आणि डाव्या हाताचं बोट खिडकीकडे करतात. खिडकी पूर्वेला आहे.

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा दुकानात आला. एकटाच. हातात तशीच प्लास्टिकची पिशवी. गोदामवाल्याला गाड्या वळवायला पूर्वेकडची पट्टी हवी आहे, आणि दादांचा डावा अंगठा घेऊन सगळं कायदेशीर होतं आहे, असं त्यानं खाली बघून सांगितलं. मी नमुना उघडला. नाव, वय, गट नंबर भरला. मग थांबले आणि सातवा मुद्दा त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. शब्द न् शब्द.

त्यानं माझ्या आईला खांदा दिला होता, दरवाजापासून खाडीपर्यंत, एकदाही न बदलता.

"राहू दे ना आत्या," तो म्हणाला. "ते काढलं तर फाईल पास होईल का?"

मी म्हणाले, नाही होणार. आणि मी हा कागद करणारही नाही. त्यानं वाद घातला नाही. कागद गोळा केले, पिशवीत घातले, माझ्या पाया पडल्यासारखा वाकला आणि बाहेर गेला. मी दारात येऊन पाहत राहिले. तो खणलेला रस्ता ओलांडून समोरच्या टायपिंगच्या दुकानात शिरला. दहा मिनिटांत हातात कागद घेऊन बाहेर पडला.

तो दुकानदार माझ्याकडेच शिकलेला. त्याच्याकडे जो नमुना आहे तो मीच दिलेला आहे.